जिरी पुढे बसते

विश्रामबागच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. मार्चची सकाळ, रस्ता अजून तापायचा होता. माझी कुत्री जिरी नेहमीसारखी पुढे स्कूटरच्या फूटबोर्डवर बसलेली, तोंड हँडलच्या खाली, कान मागे. शेजारी एक पांढरी कार येऊन थांबली. काच खाली झाली, आतल्या गृहस्थांनी फोन काढून जिरीचे फोटो घेतले, हसले, आणि मग माझ्याकडे बघून अगदी मनापासून म्हणाले, "कुत्र्याची एवढी हौस आहे तर गाडी घ्यायची की मॅडम. मुक्या जनावराचे हाल कशाला?" माझ्या कुबड्या डाव्या बाजूच्या क्लिपांमध्ये उभ्या होत्या. स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी जोडलेली जादा चाकं त्यांच्या दरवाजाच्या अगदी लगत होती. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि आम्ही सांगलीच्या दिशेनं निघालो.

त्यांच्या बोलण्यातल्या हौसेचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. मारुती चौक येईपर्यंत मी ते मनातल्या मनात चांगलं खणखणीत देऊनही टाकलं. हालांचं मात्र तसं झालं नाही. संध्याकाळी मिरजेला घरी परतले, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची जुळणी करायला बसले, तरी ते डोक्यातून जाईना. कारण तेच मी रोज सकाळी स्वतःला विचारत असते, फक्त इतक्या मोठ्यानं नाही.

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. आमच्या पिढीत गल्लीगल्लीत असं एखादं मूल असायचंच. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. त्या दिवशी मी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. पन्नाशी जवळ आली तसा माझा चांगला पायसुद्धा दमायला लागला, खांदे भरून यायला लागले. आजारातून वाचलेल्या मज्जापेशींनी वर्षानुवर्षं दुप्पट काम ओढलेलं असतं, त्या थकतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मी घरातल्या घरात पडायला लागले. पडण्याची भीती आम्हाला नसते, पडायचं कसं हे आम्ही चालण्याच्या आधी शिकतो. अवघड असतं ते पुढचं. कुबडी घरंगळत दिवाणाखाली गेलेली असते, फोन टेबलावर असतो, दुपारचे तीन वाजलेले असतात आणि गल्लीत चिटपाखरू नसतं. फरशी गार लागत असते. एरवी कधी कानावर न येणारी पंख्याची कुरकुर ऐकू येते.

जिरी सतारमेकर गल्लीतली. वाळायला ठेवलेल्या भोपळ्यांच्या राशीमागे तिच्या आईनं पिल्लं घातली होती. जिऱ्याच्या रंगाची म्हणून जिरी. तिला शिकवलं ते लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात कुत्र्यांवर नोकरी करून ते कवठेमहांकाळजवळ आपल्या गावी द्राक्षबागेत येऊन राहिले होते. मी त्यांना फोनवर लॅब्रॅडॉरबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "लॅब्रॅडॉर हुशार असतंय ताई, पण तीस किलोचं जनावर. त्याचं खाणं, त्याचं औषधपाणी तुम्हाला जड जाईल. आणि न्याल कशावरनं? गावठी बघा. सतरा-अठरा किलोच्या वर जाणार न्हाई, ऊन सोसतंय, आजारी कमी पडतंय." त्यांनी फी म्हणून जे मागितलं ते ऐकून मलाच संकोच वाटला. सुरुवातीच्या महिन्यांत फीच्या जागी मी त्यांच्या बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं करून देत होते.

आज जिरी पडलेली कुबडी मधोमध धरून, हातात येईल अशी आणून देते. फोन आणते. दाराच्या कडीला बांधलेली दोरी ओढून दार उघडते, आणि मी "जा" म्हटलं की शेजारच्या मावशींच्या उंबऱ्यावर जाऊन, त्या बाहेर येईपर्यंत भुंकते. मी तिच्या अंगावर कधीही भार टाकत नाही. हवालदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एवढ्या अंगाच्या कुत्र्याच्या पाठीवर हात टेकून उठायला गेलात तर वर्षात तिची कंबर जाईल. ती वस्तू आणते, माणूस आणते. उठायचं माझं मी.

हे सगळं घरात ठीक होतं. पण माझं काम घरात संपत नाही. प्रुफं घेऊन सांगलीला जावं लागतं, फ्लेक्सवाल्यांकडे, छापखान्यात, बँकेत, दवाखान्यात. पडायचं ते मी तिथेही पडतेच, आणि तिथल्या पायऱ्या घरच्यापेक्षा वाईट. म्हणजे जिरीनं बरोबर हवं. आणि बरोबर न्यायचं कसं, हा प्रश्न तिच्या शिक्षणापेक्षा मोठा निघाला. बसमध्ये एकदा चढले, एकदा उतरवलं गेलं. रिक्षावाले ओळखीचे असले तर नेतात, पण मिरज-सांगली जाऊन-येऊन रिक्षा करायची तर दिवसाच्या मजुरीतलं निम्मं तिथेच जातं. रेल्वेचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. स्लीपर, थ्री टियर, टू टियर, कुठेच नाही. म्हणजे पडले तर उचलायला माणूस बोलावणारी जिरी गाडीच्या शेपटाला पेटीत, आणि मी पुढे कुठेतरी डब्यात. पुण्याच्या तपासण्यांना मी तिच्याविना जाते आणि दोन दिवस भिंती धरून वावरते.

मदतनीस कुत्र्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची शिकवलेली जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये उतरल्यावर वार्ताहरांच्या देखत तो बडीच्या भरवशावर वेस्ट स्ट्रीट नावाचा गजबजलेला रस्ता ओलांडून गेला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. लोक इथपर्यंत सांगतात. रस्ता ओलांडल्यावर त्या दोघांना आगगाडीत, हॉटेलात, दुकानात शिरू द्यावं म्हणून फ्रँकला किती दारं ठोठवावी लागली, ते मात्र कुणी सांगत नाही. कुत्री शिकली तरी तिला आत घ्यायला जगाला वेगळं शिकवावं लागतं. मिरजेच्या स्टँडवर उभी असताना मला तो माणूस फार जवळचा वाटला होता.

माझ्याकडे स्कूटर होती. जुनी, दुसऱ्याच्या हातची, बाजूला दोन चाकं बसवून आरटीओत रीतसर चढवलेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गाडीची स्वतंत्र व्याख्याच आली आहे, 'अडॅप्टेड व्हेईकल'. ज्याच्यासाठी ती तयार केली त्याच्याच वापरासाठी. तिच्यावर कुत्र्याची जागा कुठे करायची, हे पाहायला मी बुधगाव वेशीकडच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेले.

चाचांनी गाडीकडे बघितलंच नाही. ते जिरीकडे बघत राहिले. विडी विझवून खाली उकिडवे बसले, तिला हुंगू दिलं, मग विचारलं, "बसती कशी? पाय मुडपून का पुढं टाकून?" जिरी पुढचे पाय सरळ ठेवून ताठ बसते. चाचांनी खडूनं जमिनीवर फूटबोर्ड काढला, त्यात तिला बसायला लावलं आणि तिच्या पंजांभोवती रेघ मारली. मग माझ्या पायाचा विषय निघाला. कॅलिपरचं, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या सळईच्या साच्याचं, गुडघ्याचं लॉक उघडून पाय खाली सोडला की त्याची सळई नेमकी तिच्या बरगडीला लागत होती. चाचांनी उजव्या बाजूला फूटबोर्डच्या बाहेर एक छोटा पायटा जोडला. आता माझा तो पाय बाहेर राहतो आणि आतली जागा तिला पुरते. सळईला जुन्या शालीची पट्टी गुंडाळली आहे.

पट्ट्याचं काम सगळ्यात नाजूक. बाजारात मिळणारे तयार हार्नेस परदेशी मापाचे, छातीला ढिले नि मानेला घट्ट, आणि किंमत अशी की माझी महिन्याची किराणा यादी त्यात बसावी. भंगार बाजारात मोडीत निघालेल्या कारचे सीटबेल्ट मिळतात. ती पट्टी माणसाचा धक्का सोसण्यासाठी विणलेली असते, सतरा किलोच्या कुत्रीला कधीही तुटत नाही. दोन बेल्ट घेतले, सीटकव्हर शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याची दुहेरी शिलाई मारून घेतली आणि आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावलं, म्हणजे काखेत सोलवटत नाही. कडी पाठीवर येते, गळ्यावर नाही. गळ्याला बांधलेलं कुत्रं चालत्या गाडीवरून घसरलं तर त्याचा फासच बसायचा. दुसरं टोक अडकवायला स्कूटरला पिशवीचा हुक असतोच की, असं मी म्हणाले. चाचांनी तो हुक बोटानं हलवून दाखवला. "प्लास्टिकमधी हाय बेटा ह्यो. कांदं-बटाटं टांगायला ठीक. जिवाला चासिस पायजे." सीटखालच्या चासिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, त्यांनी कडी वेल्ड केली. तिथून पट्ट्याची लांबी इतकीच, की जिरीला बसता येईल, उठता येईल, पण बाहेर उडी मारता येणार नाही. समोर वारा अडवायला ॲक्रिलिकची काच आहे, ती बोर्ड रंगवणाऱ्याकडच्या उरलेल्या तुकड्यातून कापून आणली. खडा उडून डोळ्यात जाण्याची मला फार धास्ती होती. खाली काथ्याची चटई, उन्हाळ्यात तिच्यावर ओलं गोणपाट. चाचांनी मजुरी घेतली ती फक्त वेल्डिंगच्या कांड्यांची.

मग रस्ता शिकणं आलं. साधी स्कूटर वळताना आत झुकते, अंग आपोआप तिच्याबरोबर जातं. बाजूला चाकं असलेली गाडी झुकत नाही. ती ताठच वळते आणि बसलेल्याला बाहेर फेकते. सुरुवातीला जिरी प्रत्येक वळणाला काचेवर आदळायची. मी वेग कमी केला, तिशीच्या वर जायचंच नाही असं ठरवलं, तरी ती गोंधळायची. मग एके दिवशी तिचं तिलाच सापडलं. माझ्या गाडीला इंडिकेटरचा बझर आहे. तो वाजू लागला की आता वळण येणार, हे तिनं ओळखलं. डावा की उजवा हे तिला आवाजावरून कळत नाही, म्हणून ती मान वळवून माझ्या हातांकडे बघते. ज्या बाजूचं मनगट वळेल त्या बाजूला अंग घालते आणि मागचे पंजे चटईत रोवते. हे तिला मी शिकवलं नाही, हवालदारांनीही नाही. स्पीडब्रेकरला तर ती माझ्याआधी सावरलेली असते.

हवालदारांकडे जायचं म्हणजे पंढरपूर रस्ता. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बाजूला बेदाण्याची शेड सुरू असतात, हिरव्या जाळ्यांच्या आत रॅकवर द्राक्षं सुकत पडलेली. वास मला शेड दिसल्यावर येतो. जिरीला तो दोन वळणं आधीच लागलेला असतो. तिचं नाक काचेच्या कडेनं वर जातं, नाकपुड्या थरथरतात, आणि माझ्या पोटरीवर टेकलेली तिची पाठ ताठ होते. माझ्या त्या पायाला जोर नाही, पण स्पर्श पूर्ण कळतो. पोलिओ स्नायू घेतो, संवेदना ठेवतो. तिचा श्वास, शेपटीची हालचाल, भुकेची पोटातली गुरगुर, सगळं त्या पायाला समजत असतं. एवढ्या वर्षांत त्या पायानं मला इतकं काही कधी सांगितलं नव्हतं.

आता हालांबद्दल.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याच्या ११ व्या कलमात, जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीनं किंवा अवस्थेत वाहून नेणं हा गुन्हा धरला आहे. मी ते कलम छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. कायद्याच्या धाकापोटी नाही. मला रोज कुणीतरी तो प्रश्न विचारावा असं वाटतं, म्हणून. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. घाम येतो तो फक्त पंजांना, बाकीची बहुतेक उष्णता जिभेवाटे धापेतून काढायची. म्हणून एप्रिल-मेमध्ये दहाच्या पुढे आम्ही बाहेर नसतो. उतरण्याआधी मी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवते, सात सेकंद टेकवता आली नाही तर ती उतरत नाही. छापखान्याला, बँकेला माझ्या वेळा ठाऊक झाल्यात. काही कामं त्यामुळे गेली. जावोत.

आणि सगळ्यात मोठा नियम हवालदारांचा. "गाडीवर तिला उचलून ठेवायचं न्हाई. कदी म्हंजे कदीच न्हाई. तिची ती चढली तर जायाचं." रोज सकाळी मी चटई अंथरते, स्वतः बसते आणि "चढ" म्हणते. बहुतेक दिवस शब्द पुरा व्हायच्या आत ती वर असते. पण एका सकाळी ती चढली नाही. पायरीशी उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि बसली. शेपटी हलत होती, पण चढेना. त्या दिवशी निवडणुकीच्या पत्रकांचं काम द्यायचं होतं, वर्षातला सगळ्यात मोठा हिशोब. मी कुबड्या काढल्या, घरात आले, गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं. काम दुसऱ्याकडे गेलं. जिरीचे पंजे तपासले, कान, पोट, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी चढली. का नव्हती चढली, ते मला आजतागायत माहीत नाही. नाही म्हणायला तिला माझ्यापुढे कारण द्यावं लागत नाही, एवढं मात्र तेव्हापासून आमच्या घरात पक्कं आहे.

तरीही माझं मन पूर्ण स्वच्छ नाही. ती चढते ती आनंदानं, की तिनं चढावं असं मला वाटतं हे तिला कळतं म्हणून? कुत्र्याच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या असतात का, तेही मला ठरवता येत नाही. गल्लीतली तिची भावंडं दुपारभर सतारवाल्यांच्या ओट्यावर पसरलेली असतात, त्यांना कुणी कुबडी आणायला लावत नाही. त्यातली दोन गाडीखाली गेली, हेही खरं. एकाच्या वाट्याला आलेली सावली आणि दुसरीच्या वाट्याला आलेलं काम, यांची तुलना कुठल्या मापानं करायची?

पांढऱ्या कारमधल्या गृहस्थांचा मला राग नाही. त्यांना जिरी दिसली, तिची काळजी वाटली, हे चांगलंच आहे. पण त्यांच्या फोटोत मी नसणार, कुबड्या नसणार, बाजूची चाकं नसणार, याची मला खात्री आहे. आपल्याकडे आधार घेऊन वावरणारा माणूस दिसला की लोक आधाराकडे बघतात आणि माणूस सुटतो. हाताचे कंट्रोल बसवलेली कार किती छान असते, ते मलाही ठाऊक आहे. मी चौकशी करून आले आहे. तिचा हप्ता माझ्या कमाईच्या वर जातो. माझ्याजवळ यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे, त्यावर माझी टक्केवारी छापलेली आहे. जिरीजवळ दाखवायला कसलाच कागद नाही. एकदा नाक्यावर पोलिसांनी थांबवून विचारलं, हे चालतं का? मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम चालकामागे एकाच माणसाला बसू देतं, कुत्र्याबद्दल ते काही बोलत नाही, असं मी सांगितलं. ते खाली वाकले, पट्टा ओढून बघितला, चासिसची कडी बघितली आणि म्हणाले, "हेल्मेट तेवढं तुम्ही काढू नका ताई." मला तो माणूस फार आवडला. त्यानं आधी पट्टा बघितला.

गेल्या महिन्यात जतहून एका मुलाचा फोन आला. विहिरीच्या कामावर वरून पडला, मणक्याला मार लागला, कमरेखाली जोर नाही. बाजूला चाकं लावलेली गाडी त्याला नुकतीच मिळाली आहे. घरी कारवानी कुत्रा आहे, त्यानं स्वतःच त्याला काठी आणायला, गुरांच्या गोठ्यातून आईला बोलावून आणायला शिकवलंय. "ताई, तुमची पुढं बसती तसा माझा बसंल का?" मी म्हटलं, नाही बसायचा. कारवानी म्हणजे लांब पायांचा, अरुंद छातीचा, फूटबोर्डवर त्याची मानसुद्धा मावणार नाही. त्याला बाजूच्या चाकावर फळी टाकून वेगळी जागा करावी लागेल, कठडा लागेल, आणि वजन एका बाजूला गेलं की गाडी ओढते, त्याचाही विचार करावा लागेल. तो गप्प झाला. मग म्हणाला, किती खर्च येईल? मला सांगता येईना. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून मोजून ठेव, पट्ट्यात दोन बोटं जातील एवढी जागा धर, आणि भंगारात सीटबेल्ट दिसले तर घेऊन ठेव, एवढं त्याला सांगितलं. परवा चाचांकडे जाऊन विषय काढला. त्यांनी लगेच खडू घेतला, जमिनीवर गाडी काढली, बाजूचं चाक काढलं, त्यावर चौकोन काढला, बराच वेळ त्याकडे बघितलं, आणि चौकोन पायानं पुसून टाकला.

"असं न्हाई जमत बेटा. आदी कुत्रं आणायला सांग."